नेव्हिल डिसोझा कोण? ऑलिम्पिकमध्ये एका सामन्यात तीन गोल मारणारा, आणि आज कुणाच्या ध्यानात नसलेला मुंबईचा फुटबॉलपटू

भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीपर्यंत आजवर एकदाच पोचला. साल 1956, ठिकाण ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न. त्या स्पर्धेत भारतानं एकूण पाच गोल केले. त्या पाचातले चार एकट्या माणसाचे होते. त्याचं नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल मुंबईत खेळायचा. घराणं गोंयकार. ऑलिम्पिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल, म्हणजे हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या ऑलिम्पिकमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांत बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि आपला नेव्हिल अशी तीन नावं बरोबरीनं येतात, प्रत्येकी चार गोल. एवढं असूनही आज बांदा, सावंतवाडी किंवा कुडाळच्या मैदानावर खेळणाऱ्या पोराला विचारा, मेस्सीच्या बुटाचा रंग सांगेल, पण नेव्हिलचं नाव त्याच्या कानावर आलेलं नसेल. त्यात पोराची चूक नाही. त्याला सांगणारंच कोणी नव्हतं.

हा खेळाडू कोण होता, त्यानं नेमकं काय केलं आणि तो विसरला कसा गेला, हे एका जागी मिळावं म्हणून ही माहिती. घरातली जुनी माणसं काही सांगत असतील तर ते पडताळून बघायलाही उपयोगी पडेल.

आधी हेलसिंकीचं 10-1 समजून घ्या

मेलबर्नचं मोल कळायला चार वर्षं मागं जावं लागतं. 1952 ला फिनलंडमधल्या हेलसिंकी इथं ऑलिम्पिक झालं. भारताची गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. निकाल 10-1. दहा गोल खाल्ले, एक केला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी किंवा पायाला पट्ट्या बांधून खेळायचे. थंडी, ओलं मैदान, समोर बूट घातलेले धिप्पाड गडी. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले.

संघ घडवणारे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, ज्यांना सगळे रहीमसाहेब म्हणत. अजय देवगणचा 'मैदान' हा सिनेमा 2024 मध्ये आला तो त्यांच्यावरच. रहीमसाहेबांचा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप घेऊन गेला. म्हणजे मुंबईत कोण कसा खेळतो हे या माणसाला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. मेलबर्नच्या संघात हैदराबाद आणि कलकत्त्याची पोरं जास्त असली तरी मुंबईचीही होती. गोलरक्षक एस. एस. नारायण मुंबईचे आणि पुढच्या फळीत नेव्हिल. कर्णधार होते कलकत्त्याचे समर बॅनर्जी, ज्यांना सगळे बद्रू म्हणायचे. शिवाय पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, किट्टू, केंपय्या, पीटर थंगराज अशी मंडळी.

1 डिसेंबर 1956

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण हंगेरीनं माघार घेतली आणि भारत न खेळताच पुढच्या फेरीत गेला. त्या वर्षी बऱ्याच देशांनी माघार घेतल्यानं स्पर्धेत अकराच संघ उरले होते. ही गोष्ट झाकून ठेवायचं काही कारण नाही. नशिबाची साथ होती. पण उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया उभी होती, जपानला 2-0 नं हरवून आलेली. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे.

गोलांच्या वेळा बघितल्या की सामना कसा फिरला ते कळतं. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल, भारत 1-0. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, 2-1. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो, 2-2. एक गोल नेव्हिलचा, एक मॉरोचा, असा अर्धा सामना संपला. कबड्डीत जसा एक गडी बाद झाला की दुसऱ्या बाजूचा लगेच बाद होतो आणि गुणांतलं अंतर वाढतच नाही, तसं. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलनं तिसरा मारला. यावेळी मॉरोकडं उत्तर नव्हतं. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूनं चौथा घातला आणि विषय संपला. भारत 4, ऑस्ट्रेलिया 2.

यात एक गोष्ट नीट बघा. नेव्हिलचे तिन्ही गोल भारताला पुढं नेणारे आहेत. सामना आधीच जिंकून झाल्यावर हात धुऊन घेतलेले नाहीत. प्रत्येक वेळी फळ्यावर बरोबरी होती, आणि प्रत्येक वेळी त्यानंच ती मोडली. हॅटट्रिक पुष्कळ होतात, पण असल्या हॅटट्रिक थोड्या.

हा विजय म्हणजे फुकटचा घबाड होता असं ऑस्ट्रेलियात काही जण म्हणाले, असं जुने लोक सांगतात. त्यांना उत्तर 12 डिसेंबरला मिळालं. ऑलिम्पिक संपल्यावर सिडनीत दोन्ही संघ पुन्हा भेटले आणि भारतानं तो सामना 7-1 नं जिंकला. तो सामना ऑलिम्पिकचा नव्हे, त्यामुळं फार कुणाच्या लक्षात नाही.

पुन्हा युगोस्लाव्हिया

उपांत्य सामना 4 डिसेंबरला. समोर कोण? तीच युगोस्लाव्हिया, जिनं चार वर्षांपूर्वी दहा गोल मारले होते.

मध्यंतरापर्यंत 0-0. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात गोल झाला, आणि तो भारताचा होता. मारणारा परत नेव्हिल. ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारत 1-0 नं पुढं! आशियातला कोणताही संघ तोवर या फेरीपर्यंत आलाच नव्हता.

ही आघाडी काही मिनिटंच टिकली. युगोस्लाव्हियानं बरोबरी केली, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून चौथा. 4-1. युगोस्लाव्हिया अंतिम फेरीत गेली आणि सोव्हिएत रशियाकडून 1-0 नं हरली. पण आमच्या मते भारतीय फुटबॉलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी वेळ ती काही मिनिटंच आहेत. 1962 च्या जकार्ता एशियाडचं सुवर्णपदक मोठंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते आशियात होतं. इथं समोर युरोपातला बलाढ्य संघ होता आणि फळ्यावर आपण पुढं होतो.

6 आणि 7 डिसेंबर

तिसऱ्या जागेसाठी, म्हणजे कांस्यपदकासाठी, 7 डिसेंबरला बल्गेरियाशी सामना झाला. भारत 3-0 नं हरला. चौथा क्रमांक. पदक नाही.

आता त्या तारखांकडं जरा महाराष्ट्राच्या नजरेतून बघा. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. 7 डिसेंबरला मुंबईत त्यांची अंत्ययात्रा निघाली, दादर चौपाटीवर लाखोंच्या गर्दीत अंत्यसंस्कार झाले. ज्या दिवशी भारत कांस्यपदकासाठी खेळत होता, तो हाच दिवस. त्या दिवशी मुंबईत फुटबॉलचा निकाल कोण विचारणार? आणि 6 डिसेंबरलाच मेलबर्नमध्ये हॉकीच्या अंतिम सामन्यात भारतानं पाकिस्तानला 1-0 नं हरवून सुवर्ण मिळवलं होतं. खेळाच्या पानावर जी काही जागा उरली असेल ती हॉकीची. चौथ्या आलेल्या फुटबॉल संघाच्या वाट्याला काय येणार?

त्याच्या महिनाभर आधी, 1 नोव्हेंबरला, गुजरात आणि महाराष्ट्र मिळून द्विभाषिक मुंबई राज्य झालेलं. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. मुंबईतला मराठी माणूस वेगळ्याच लढाईत होता. नेव्हिलची हॅटट्रिक अशा दिवसांत येऊन गेली.

कूपरेजवरचा माणूस

नेव्हिलचा जन्म 1932 चा. गोव्यातली माणसं तेव्हा पोटापाण्यासाठी मुंबईला येत, जशी आपल्या कोकणातून चाकरमानी मंडळी जात. आपल्याकडच्यांच्या गावकीच्या खोल्या गिरणगावात असायच्या, तसे गोंयकारांचे 'कूड' धोबी तलाव आणि माझगावच्या बाजूला. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. बोटीवर काम करणारे, वाजंत्री, आचारी, कारकून असे सगळे तिथं उतरत. या मुंबईकर गोंयकारांनी दोन गोष्टी शहराला भरभरून दिल्या, एक संगीत आणि दुसरं मैदान. हॉकी आणि फुटबॉलच्या संघांची यादी काढली तर डिसोझा, फर्नांडिस, परेरा अशी आडनावं ओळीनं येतात. नेव्हिलचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला.

तेव्हा मुंबईत क्लबांपेक्षा कंपन्यांचे संघ जोरात होते. खेळाडूला कंपनी नोकरी द्यायची, दुपारी सराव, संध्याकाळी सामना. नेव्हिल टाटाच्या संघातून खेळला आणि पुढं कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघातून. 1954 ला मुंबईनं पहिल्यांदा संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्या संघात तो होता. 1958 ला कॅल्टेक्सनं रोव्हर्स कप जिंकला. मुंबईची ही स्पर्धा 1891 पासूनची, आणि कलकत्ता-हैदराबादचे संघच ती पळवून न्यायचे, त्यामुळं मुंबईच्या संघानं कप घरी ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती.

सामने व्हायचे कूपरेजवर. आजच्या मंत्रालयापासून हे मैदान चालत जाण्यासारखं. गिरणीत नाहीतर गोदीत नोकरीला असलेल्या कोकणातल्या कितीतरी माणसांनी सुट्टीच्या संध्याकाळी तिथं फुटबॉल बघितलाय. हार्वुड लीगचे सामने पावसाळ्यातले, त्यामुळं जुन्या प्रेक्षकांच्या गजालीत गोलापेक्षा चिखल जास्त असतो. कोण कसा घसरला, चेंडू डबक्यात कसा रुतला, छत्री उघडणाऱ्याला मागच्यांनी कशा शिव्या घातल्या. हैदराबाद पोलिसांचं नाव निघतं. मोहन बागान, ईस्ट बंगाल आले की तिकिटाची मारामार निघते. आणि बोलता बोलता कुणीतरी म्हणतो, "आमचो नेव्हिल होतो मा!" पुढं विचारलं की सांगतात, गोलाच्या तोंडावर हा माणूस असायचाच. पळापळ फार दिसायची नाही, पण चेंडू सुटला, कुणाच्या पायाला लागून उडाला, की तिथं नेव्हिल हजर.

अशा आठवणींत कुठल्या सामन्यात किती गोल याचा हिशेब बहुधा चुकतो. वर्षं तर हमखास चुकतात. पण माणूस मैदानावर कसा उभा राहायचा हे चुकत नाही. मेलबर्नचे गोल डोळ्यांनी बघितलेला माणूस आपल्याकडं मिळणं अवघड. मुंबईत दूरदर्शन आलं 1972 ला, तोवर नेव्हिलचा खेळ कधीच संपला होता. पण कूपरेजवर नेव्हिलला बघितलेला माणूस अजूनही एखाद्या गावात, एखाद्या पडवीत बसलेला असू शकतो.

विसर पडला तो का?

एक कारण सरळ आहे. 1960 च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात नेव्हिल नव्हता आणि 1962 च्या जकार्तातही नव्हता. आपल्याकडं त्या काळातला फुटबॉल म्हटलं की जकार्ताचं सुवर्ण. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम ही नावं त्यामुळं राहिली. अर्जुन पुरस्कार सुरू झाले 1961 ला. फुटबॉलमधला पहिला अर्जुन पी. के. ना मिळाला, मग बलराम, मग चुनी गोस्वामी. नेव्हिलची मोठी कामगिरी पुरस्कार सुरू व्हायच्या पाच वर्षं आधीची.

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि आमच्या मते खरं कारण तेच. आठवण टिकवायला माणसं लागतात, आणि माणसं धरून ठेवायला क्लब लागतो. कलकत्त्यात मोहन बागान 1889 पासून आहे, ईस्ट बंगाल 1920 पासून. आजोबा सभासद, बाप सभासद, नातू सभासद. जुन्या खेळाडूचा फोटो क्लबात लागलेला असतो, त्याच्या वाढदिवसाला पोरं हार घेऊन जातात. आपल्या कोल्हापुरातही तेच. तिथं संघ पेठांचे आणि तालमींचे, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. पेठ आहे तोवर संघ आहे आणि संघ आहे तोवर जुन्या खेळाडूचं नाव आहे.

कंपनीच्या संघाचं तसं होत नाही. कॅल्टेक्सचा कट्टर समर्थक असलेला नातू तुम्ही कधी बघितलाय? भारतातला कॅल्टेक्सचा कारभार 1976 ला सरकारनं ताब्यात घेतला आणि 1978 ला तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. ज्या नावाची जर्सी घालून नेव्हिलनं रोव्हर्स कप उचलला, ते नावच देशातून गेलं. पुढं मफतलाल, ऑर्के मिल, महिंद्रा अशा संघांनी मुंबईत मैदान गाजवलं आणि एकेक करून तेही बंद झाले. रोव्हर्स कपही 2000-01 नंतर थांबला. आठवण ठेवणारं घरच उरलं नाही.

आणि गोवा? फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोव्यानं तरी त्याला धरून ठेवायला हवं होतं, असं वाटणं साहजिक आहे. इथं आपल्या सीमेवरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. नेव्हिल भारताच्या जर्सीत मेलबर्नला उतरला तेव्हा गोवा भारतात नव्हता. पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्याच्या आदल्या वर्षी, 15 ऑगस्ट 1955 ला, पत्रादेवीच्या नाक्यावर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सीमा आवळलेली, येणं-जाणं मुश्कील. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. साळगावकर, धेंपो या क्लबांचा, ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो यांचा जो गोव्याचा फुटबॉल आपण ओळखतो, त्याचा देशभर बोलबाला झाला तो त्यानंतर. नेव्हिल त्या गोष्टीच्या आधीचा. गोव्याच्या दृष्टीनं तो मुंबईचा, मुंबईच्या दृष्टीनं गोंयकार. दोघांच्या मध्ये तो राहून गेला.

जपानशी तुलना केली तर हे जास्त बोचतं. नेव्हिलनंतर बारा वर्षांनी, 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानच्या कुनिशिगे कामामोटोनं सात गोल करून जपानला कांस्यपदक मिळवून दिलं. जपानमध्ये कामामोटो म्हणजे घराघरातलं नाव. पदक मिळालं म्हणून, हे खरं. पण पदक नसलं म्हणून चार गोल कमी होत नाहीत.

नेव्हिल 17 मार्च 1980 ला गेला. वय सत्तेचाळीस.

मोबाइलवर फिरणाऱ्या चुकीच्या गोष्टी

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून या संघाबद्दल मजकूर फिरतो. त्यातल्या काही चुका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सांगून ठेवतो. मेलबर्नला भारतीय संघ अनवाणी खेळला असं लिहिलेलं असतं. तसं नाही. अनवाणीचा किस्सा 1948 च्या लंडनचा आणि 1952 च्या हेलसिंकीचा, 1956 ला पायात बूट होते. भारताला कांस्यपदक मिळालं असंही कुणी पाठवतं. मिळालं नाही, चौथा क्रमांक आला. नेव्हिल जकार्ताच्या सुवर्ण संघात होता, हेही चूक. आणि "भारत आजही ऑलिम्पिक फुटबॉलला पात्र ठरतो" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, 1960 च्या रोमनंतर आपला पुरुष संघ ऑलिम्पिकला एकदाही गेलेला नाही.

नेटवर शोधताना एक अडचण येते. मराठीत त्याचं नाव नेव्हिल डिसोझा, नेविल डिसूझा, नेव्हील डिसोजा असं कसंही लिहिलं जातं. एक लिहून मिळालं नाही तर दुसरं लिहून बघा, सोबत "1956 मेलबर्न" टाका. याच नावाची दुसरी माणसंही निघतात, त्यामुळं साल बघूनच पुढं जा.

तुमच्या घरात कोणी आहे का?

मेलबर्नच्या संघातले खेळाडू एकेक करून गेले. पी. के. बॅनर्जी मार्च 2020 मध्ये गेले. ठाण्यात राहणारे नारायण ऑगस्ट 2021 मध्ये, कर्णधार बद्रू बॅनर्जी ऑगस्ट 2022 मध्ये, बलराम फेब्रुवारी 2023 मध्ये. त्यांना खेळताना बघणारेही जातायत. 1956 ला जो मुलगा बारा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढं गेलाय.

आपल्या जिल्ह्यातल्या शेकडो घरांत मुंबईला नोकरी करून परत आलेली म्हातारी माणसं आहेत. गिरणीची, गोदीची, रेल्वेची. त्यातल्या कुणी कूपरेजवर फुटबॉल बघितला असेल तर ते तुम्हाला स्वतःहून सांगणार नाहीत, कारण कुणी विचारत नाही. विचारून बघा. "आजोबा, नेव्हिल डिसोझा आठवतो?" असं एकदम विचारलं तर बहुधा नाही म्हणतील. त्यापेक्षा "कूपरेजवर कधी गेलेलात? कुणाबरोबर? तिकीट केवढ्याचं होतं?" असं विचारा. जागा आठवली की माणसं आठवतात. मध्येच वर्ष दुरुस्त करू नका, बोलू द्या. मोबाइल समोर ठेवून आवाज रेकॉर्ड करा, पंखा बंद करा, आणि सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, मुंबईत कुठं कामाला होते ते त्यांच्याच तोंडून घ्या. मालवणीत बोलत असतील तर मालवणीतच राहू दे.

ट्रंकेत जुने सामन्यांचे कार्यक्रम, तिकिटांचे तुकडे, कंपनीच्या संघाचे फोटो असतील तर ते उजेडात ठेवून मोबाइलनं फोटो काढा, फ्लॅश न लावता. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर त्याचाही काढा. बऱ्याचदा नावं मागंच लिहिलेली असतात, आणि फोटोतला कोपऱ्यात उभा असलेला माणूस कोण ते तेवढ्यानंच कळतं. मूळ फोटो कुणाला देऊन टाकू नका.